आधी ब्रीदरची नळी बघा, मग इंजिनाला हात लावा

"भाऊ, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल." कसाऱ्यापासून शहापूरपर्यंतच्या हायवेवर किंवा मुरबाडहून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांनी जुनी गाडी बाळगली आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडलेलं असतं. या निदानाला अर्धा मिनिट लागतो. गाडी चालू ठेवायची, ऑइल भरायचं झाकण काढायचं, आतून भकाभक धूर आला की निकाल लागला. एवढा खर्च झेपणार नाही असं मालक म्हणाला, तर दुसरा सल्ला तयार असतो: ब्रीदरची नळी एअर फिल्टरपासून काढा, खाली रस्त्याकडे सोडून द्या, इंजिन मोकळं होईल. उंबरमाळी, खर्डी, कसारा या पट्ट्यात जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून पाहिली, तर अशी लोंबती नळी शोधत बसावं लागत नाही.

या दोन्ही सल्ल्यांना माझा ठाम विरोध आहे. पहिला सल्ला, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलणं, माणसाला नको त्या खर्चात घालतो. दुसरा धडधाकट इंजिनाला हळूहळू मारतो. दोन्ही सल्ले निघतात ते एकाच दुर्लक्षातून. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू बाहेर ओढून घेण्याची व्यवस्था, म्हणजे ब्रीदरची नळी आणि तिच्यातला पीसीव्ही वॉल्व्ह, गाडीबरोबरच आलेली असते, आणि गाडी पंधरा-वीस वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

सल्ला देणारी माणसं अडाणी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. रात्री-अपरात्री घाटात अडकलेली जीप तारेने, रबराने बांधून चालती करणारे हेच हात आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं आधी त्यांच्या बाजूने मांडतो. ते म्हणतात, ब्रीदरमधून येणारा धूर तेलकट आणि घाण असतो. तो परत इंजिनात घातला की एअर फिल्टर ओला होतो, कार्बोरेटर बरबटतो, प्लग काळे पडतात. मग ती घाण बाहेरच गेलेली काय वाईट? ते म्हणतात, पूर्वीच्या गाड्यांना नळी खालीच सोडलेली असायची, आणि त्या गाड्यांनी आयुष्यं काढली. आणि शेवटी म्हणतात, हा पीसीव्ही वॉल्व्ह म्हणजे प्रदूषणवाल्यांनी लादलेलं लचांड आहे, इंजिनाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सरळसरळ खोटा आहे.

पिस्टनच्या रिंगेला तोंड असतं, ज्याला गॅरेजमध्ये गॅप म्हणतात. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलं की त्या गॅपमधून आणि रिंगेच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. नव्याकोऱ्या इंजिनातही उतरतो. पेट्रोल गाडीत त्यातला मोठा भाग असतो न जळलेलं पेट्रोल आणि हवा. सोबत जळका वायू आणि पाण्याची वाफ. हे सगळं ऑइलच्या वरच्या पोकळीत साठतं. ते तिथेच राहिलं तर पेट्रोल ऑइलला पातळ करतं, वाफ थंड होऊन पाणी होते, पाण्यात जळक्या वायूतले घटक मिसळून आम्ल बनतं आणि ऑइलचा काळा चिखल होतो. बेअरिंगला तेल पोचवणाऱ्या बारीक वाटा आणि चेंबरमधली, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीतली, जाळी याच चिखलाने बुजतात. म्हणजे हा वायू काढून टाकणं ही पहिली गरज इंजिनाची स्वतःची आहे. हवेचा प्रश्न नंतर आला.

इतिहासही तेच सांगतो. 1920 च्या दशकापासून गाड्यांना रस्त्याकडे सोडलेली नळी असायची, तीसुद्धा इंजिनाच्या भल्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि लष्करी गाड्या खोल पाण्यातून न्यायची वेळ आली, तेव्हा उघडी नळी चालेना. म्हणून क्रँककेसमधला वायू वॉल्व्हमधून परत इंजिनाच्या इनटेकमध्ये ओढून घ्यायची रचना वापरात आली. विलीजच्या युद्धातल्या जीपला इनटेक मॅनिफोल्डवर असा स्प्रिंगचा वॉल्व्ह होता. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत जी जीप जुळवायला घेतली, ती याच विलीजची. आपल्या डोंगराळ भागाची पहिली ओळखीची मोटार ज्या घराण्यातली, त्या घराण्यात हा वॉल्व्ह पहिल्यापासून आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ गाड्यांच्या न जळलेल्या इंधनात आहे हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, त्यानंतर 1961 च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि 1963 पासून सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना ही रचना आली. ज्या गाडीला ती नव्हती, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या क्रँककेसमधून येत होता. प्रदूषणवाल्यांना दोष द्यायचाच असेल तर एवढाच देता येईल, की इंजिनाच्या भल्याची जुनी गोष्ट त्यांनी सक्तीची केली.

आता "पूर्वीच्या गाड्यांना नळी खालीच असायची" हा मुद्दा. तो खरा आहे, आणि अर्धवट आहे. त्या नळीचं खालचं टोक तिरकं कापलेलं असायचं. गाडी वेगात असली की खालून जाणारी हवा त्या तिरक्या तोंडावरून सरकताना आतला वायू ओढून घ्यायची. दुसऱ्या बाजूला, म्हणजे ऑइल भरायच्या झाकणात, बाहेरची हवा गाळून आत घेणारी जाळी असायची. हवा एकीकडून शिरे, दुसरीकडून निघे. हे सगळं चालायचं ते गाडी ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास किंवा पुढे असताना. गाडी उभी असली किंवा रांगत असली की नळी काहीच ओढत नसे.

हीच नळी आता कसारा घाटात आणा. मुंबई-नाशिक महामार्गावरचा हा चढ आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीची परीक्षा घेतो. शेजारून जाणाऱ्या रेल्वेमार्गाची चढण 37 ला 1 अशी आहे, आणि तिथे आगगाडीला मागून जोड इंजिनं लावावी लागतात. जीपला मागून कोणी लावत नाही. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि लांबच्या गाड्या त्यावरच्या बोगद्याकडे वळल्या, पण कसारा स्टेशनावरून नाशिकची सीट भरणाऱ्या गाड्यांना घाटच आहे. माणसांनी भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसने चढत असते, तेव्हा सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असतो, रिंगांवरून खाली उतरणारा वायूही सर्वांत जास्त असतो. आणि नेमक्या त्याच वेळी लोंबत्या नळीखालून वारा वाहत नसतो. ज्या घडीला वायू ओढून काढायची गरज सर्वांत मोठी, त्या घडीला ही नळी नुसतं भोक असते. वायू स्वतःच्या दाबाने बाहेर ढकलला जाईल तेवढाच जाईल. शिवाय आजच्या इंजिनाच्या झाकणात बाहेरची हवा गाळून घेणारी जाळी नाही. म्हणजे नळी सोडून आपण जुन्या काळाकडे परत जात नाही. त्या काळाची अर्धी रचना उचलतो आणि उरलेली अर्धी सोडून देतो.

याच घाटाची उतरणही बघण्यासारखी आहे. पेट्रोल गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरली की थ्रॉटल बंद असतो आणि मॅनिफोल्डमधलं शोषण कमालीचं वाढतं. चांगला पीसीव्ही वॉल्व्ह अशा वेळी आपला ठोकळा ओढून घेतो आणि वाट जवळजवळ बंद करतो. वॉल्व्ह जर चिखलाने उघडाच अडकला असेल, तर इंजिन त्यातून ऑइलचे थेंब ओढत राहतं. खाली लतीफवाडीच्या सपाटीवर येऊन पाय दिला की मागून निळा लोट निघतो. मागच्या गाडीतला हॉर्न वाजवतो, मालक घाबरतो, गॅरेजमध्ये पुन्हा तेच वाक्य ऐकतो. उतरणीनंतर येणारा निळा धूर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सीलचा किंवा या अडकलेल्या पीसीव्हीचा असतो. रिंगांचा धूर चढावर, पाय दाबलेला असताना जास्त दिसतो. धूर कुठे आला, चढावर की उतरणीनंतर, हा प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही. तरी तो विचारला जात नाही, याचा मला राग येतो.

नळी काढल्यावर जे होतं त्यातला सर्वांत घातक भाग मात्र नळीच्या खालच्या टोकाला नसतो. तो वरच्या टोकाला असतो. नळी जिथून काढली तिथे, एअर फिल्टरच्या डब्यावर किंवा थ्रॉटलकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर, एक नळकांडं उघडं राहतं. पुष्कळ गाड्यांत ते फिल्टरच्या पुढे, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला असतं. ते उघडं राहिलं की इंजिन तिथून न गाळलेली हवा थेट सिलिंडरमध्ये ओढतं. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती हवा कशी असते हे सांगायला नको. खडीच्या डंपरमागे, खोदून ठेवलेल्या रस्त्याच्या कडेने, मेच्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीबद्दल हे बोलणं आहे. धुळीतली वाळू पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये जाते आणि रिंगा घासते. रिंगा घासल्या की खाली उतरणारा वायू वाढतो. धूर वाढतो. मग तोच गॅरेजवाला म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं, रिंगा गेल्यात. आता त्याचं म्हणणं खरं असतं. ते खरं केलं कोणी?

काही जण हुशारी म्हणून त्या नळकांड्यात बोल्ट ठोकतात. ते निदान धूळ तरी थांबवतं. पण काही महाभाग दुसरंच टोक, म्हणजे इंजिनाकडचं तोंडच, बंद करून टाकतात, कारण तेल गळताना दिसू नये! याहून वाईट काही नाही. शिट्टी बुजलेला कुकर गॅसवर ठेवण्यासारखं ते आहे. दाब कुठून तरी वाट काढणारच, आणि ती वाट काढतो ऑइल सीलमधून.

ऑइल सीलची ही गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण गरिबाचे सर्वांत जास्त पैसे इथे जातात. क्रँकच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या आत, एक सील असतं. ते रबराचं कडं आहे. ऑइल अडवण्यासाठी बनवलेलं, आतून दाब सहन करण्यासाठी नाही. ब्रीदर बुजला, क्रँककेसमध्ये दाब साठला की या सीलची ओठासारखी कडा उचलली जाते आणि ऑइल क्लचच्या घरात झिरपू लागतं. क्लच प्लेट तेलकट होते, चढाला क्लच घसरतो. सील बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. सीलची किंमत थोडी, मजुरी भरपूर, आणि एक-दोन दिवस गाडी उभी. नवं सील बसतं, मालक पैसे मोजतो, आणि दोन महिन्यांत पुन्हा जमिनीवर थेंब दिसतात. तेव्हा दोष सीलच्या कंपनीला दिला जातो, डुप्लिकेट माल म्हणून. पुन्हा गिअरबॉक्स उतरतो. या सगळ्या काळात बोटभर जाडीची एक नळी वर तशीच बुजलेली असते. टॅपेट कव्हरच्या गॅसकेटचं, डिस्ट्रिब्युटरच्या रबरी कड्याचं, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाण्याचंही हेच. एका गाडीला एकाच वेळी तीन-चार ठिकाणी तेल सुटू लागलं तर ते तीन-चार बिघाड क्वचितच असतात.

ती नळी हातात घेऊन बघा. मारुतीच्या जुन्या व्हॅनची घ्या; वर दिसणारा भाग काळा, तुळतुळीत, ठीक वाटतो. ती वाकते तिथे, खालच्या अंगाला, बोटाने दाबा. वर्षानुवर्षं तेल पिऊन रबर फुगलेलं असतं, चिमटीत घेतलं की दोन्ही भिंती चिकटतात आणि सोडल्यावर लगेच सुटत नाहीत. इंजिन बंद असताना ही नळी गोल दिसते. चालू झालं, शोषण लागलं की त्या वाकणावर ती चपटी होते आणि वाट बंद पडते. काढून प्रकाशाकडे धरली तर आत काळा, खरवडला तरच निघणारा थर, आणि मधोमध आगपेटीची काडी जाईल एवढं भोक. गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा इंजिन बंद करून वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसणार नाही. म्हणूनच नुसती नजर टाकून "नळी बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पावसाळ्यात आणखी एक खोटं निदान जोरात असतं. ऑगस्टमध्ये ऑइलचं झाकण उघडलं की आतून पिवळट-पांढरी साय लागलेली दिसते. गॅरेजवाला ती बोटावर घेऊन दाखवतो: पाणी ऑइलमध्ये उतरलंय, हेड गॅसकेट गेलं, हेड खोलावं लागेल. आता हिशेब बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलोच्या आसपास. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांवरून खाली उतरते. इंजिन पूर्ण तापलेलं असेल आणि ब्रीदर चालू असेल तर तीही निघून जाते. पण उंबरमाळीहून खर्डीला जाणं म्हणजे सात-आठ किलोमीटरच्या आतबाहेर. स्टेशनावर माणूस सोडायचा, दूध पोचवायचं, परत. पावसाच्या गारव्यात इंजिन नीट तापायच्या आत प्रवास संपतो. वाफ टॅपेट कव्हरच्या थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि ऑइलमध्ये घुसळली जाऊन साय बनते. 2014 मध्ये मारुती 800 बनणं थांबलं, 2019 मध्ये ओम्नी. रस्त्यावर राहिलेल्या या गाड्या आज आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या हाती आहेत, त्यांतल्या पुष्कळ सीएनजीवर आहेत, आणि नेमक्या अशाच छोट्या फेऱ्या मारतात. साय येणारच.

हेड खोलण्याआधी डिपस्टिक काढून बघा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, पाण्यावर तेलाचा तवंग नसेल आणि साय फक्त झाकणाखाली असेल, तर हेड गॅसकेटला हात लावायचं कारण नाही. ब्रीदर मोकळा करा, ऑइल बदला, गाडी एकदा शहापूरपर्यंत सलग चालवून आणा. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल आणि पाणी घटत असेल, तर मात्र तो म्हणतो ते खरं आहे, तेव्हा हेड उघडावंच लागेल.

आता त्यांच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे: तेलकट धूर परत इनटेकमध्ये जातो. जातो. पण वायू जाणं वेगळं आणि तेल जाणं वेगळं. टॅपेट कव्हरच्या आत पत्र्याचे आडपडदे असतात. वायू त्यांना वळसा घालून जातो आणि तेलाचे थेंब पत्र्याला लागून परत खाली ओघळतात. ती जागा चिखलाने भरली की थेंब परतायला वाट राहत नाही, मग तेल वर ओढलं जातं. दुसरं कारण त्याहून साधं आहे: ऑइल जास्त भरलेलं असतं. डबा फोडलाय तर सगळा ओता, उरलेला काय करायचा, या हिशेबाने डिपस्टिकवरची वरची खूण कधीच ऑइलखाली गेलेली असते. एअर फिल्टर तेलाने ओला होत असेल तर आधी खूण बघा, मग आडपडदे साफ करा. नळी उपटणं हा त्यावर इलाज नाही, ती फक्त तक्रार नजरेआड करण्याची रीत आहे.

डिझेलच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. प्यूजो इंजिनाची कमांडर जीप असो की नंतरची टर्बोवाली गाडी, डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे इनटेकमध्ये तेवढं शोषण नसतं आणि तिथली रचना वेगळी असते. टर्बोच्या गाडीत तेल खरोखरच इंटरकूलरमध्ये साठत असेल तर ते धोक्याचं आहे: इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत भरधाव सुटू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय तेल वेगळं करणारा डबा साफ करणं, बदलणं आणि टर्बो तपासणं हा आहे. आणि एक गोष्ट डिझेलवाल्यांनी पक्की ध्यानात ठेवावी: चालू डिझेल इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं की थोडे धुराचे ठोके येतातच. निरोगी इंजिनातही येतात. त्या ठोक्यांवरून रिंगांचा निकाल देणारा माणूस ब्रीदर बुजलाय की नाही हे न बघता बोलत असेल, तर त्याच्या हाती इंजिन देऊ नका.

काम किती आहे ते तर सांगायलाच हवं, कारण "एवढं कोण बघत बसणार" हाही एक युक्तिवाद आहे. पेट्रोल गाडीत पीसीव्ही वॉल्व्ह बहुधा टॅपेट कव्हरवर रबरी बुशात खोचलेला असतो. तो काढून कानाशी हलवा. आतला ठोकळा मोकळा असेल तर खुळखुळ वाजतो. न वाजला तर अडकलाय. वाजला म्हणून चांगलाच असं नाही, स्प्रिंग दमलेली असू शकते. इंजिनाच्या बाजूने पाइप लावून फुंकलं तर हवा गेली पाहिजे, उलट बाजूने अडली पाहिजे. तोंडाने ओढून मात्र कधीही बघू नका, आतली वाफ विषारी असते. वॉल्व्हची किंमत बहुतेक गाड्यांत एका ऑइल बदलण्याच्या खर्चापेक्षा कमी असते, म्हणून धुऊन परत घालण्यापेक्षा नवा घालावा, आणि त्याच गाडीचा घालावा. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या गाडीचा चालत नाही. कोणत्या शोषणाला किती वायू सोडायचा हे स्प्रिंग त्या इंजिनासाठी ठरवते. बुश कडक झालं असेल तर तेही बदला. मॅनिफोल्डवरचं नळकांडं तारेने मोकळं करा, तिथे कार्बन घट्ट बसतो आणि नवा वॉल्व्ह लावूनही काम होत नाही. एअर फिल्टरकडून येणारी दुसरी नळीही पाहा. युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांत वॉल्व्हऐवजी कव्हरमध्येच पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला की इंजिन शिट्टीसारखा आवाज काढतं आणि ऑइलचं झाकण ओढून काढावं लागतं. त्याला रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये, रबर जातं.

मग गाडी चालू करा, गरम होऊ द्या, आयडलवर ठेवा, पंख्यापासून हात लांब ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर वहीचा कागद ठेवा. पेट्रोल गाडीत कागद हलका आत ओढला गेला पाहिजे. उडून जात असेल तर वाट अजून बंद आहे, किंवा वायू खरोखरच जास्त आहे. हे सगळं करायला दुपारच्या जेवणाआधीचा वेळ पुरतो. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या पोरांना उत्सर्जन नियंत्रणात पीसीव्ही शिकवलेला असतो. शिकलेला पोरगा गॅरेजमध्ये आल्यावर पहिल्या आठवड्यात जे विसरतो, त्यात हे असतं, कारण त्याचा उस्तादच ते करत नाही. इथे दोष पोराचा नाही.

"पीयूसी मिळते ना, मग झालं," असंही म्हणतात. पीयूसीच्या केंद्रावर नळी घालतात ती सायलेन्सरमध्ये. बॉनेट उघडून ब्रीदर कुठे सोडलाय हे तिथे बघत नाहीत. इंजिनाखालून वाऱ्यावर सुटणारं कच्चं पेट्रोल त्या मशिनला दिसतच नाही. प्रमाणपत्र हातात असलेली गाडी आणि स्वच्छ गाडी यांत हा फरक आहे. फिटनेसच्या तपासणीत बॉनेट उघडून ब्रीदरची नळी जागेवर आहे की नाही एवढं बघायला अर्धा मिनिट लागेल. ते बघायला हवं, आणि नसेल तर गाडी परत पाठवायला हवी. गावातल्या माणसाला हा जाच वाटेल. पण भाताच्या खाचरांना आणि शाळेच्या रस्त्याला लागून चालणाऱ्या गाडीचा धूर सर्वांत आधी त्याच्याच घरात जातो.

आणि जे म्हणतात की एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला, भंगारात घाला, त्यांना विचारावंसं वाटतं: उंबरमाळीहून रात्री बाळंतिणीला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात कशाने न्यायचं? शेवटची लोकल गेल्यावर? इथे जुनी गाडी ही हौस नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत येईपर्यंत, आणि बऱ्याच घरांत ती कधीच येणार नाही, ही गाडी चालती राहिली पाहिजे. तिच्या वयाला दोष देणं सोपं आहे. वीस वर्षांच्या गाडीची ब्रीदरची व्यवस्था चालू असेल तर तिची रिंगांवरून उतरलेली वाफ ती स्वतः जाळते. दहा वर्षांच्या गाडीची नळी लोंबत असेल तर ती नाही जाळत.

रिंगा कधीच जात नाहीत असं मी म्हणत नाही. जातात. ब्रीदर पूर्ण मोकळा करूनही कागद उडत असेल, ऑइल सारखं कमी होत असेल, चढावर धूर येत असेल, तर इंजिन उघडायची वेळ आलेली असू शकते. पण तेव्हाही "भाऊ, रिंगा गेल्या" एवढ्यावर होकार देऊ नका. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा आणि आकडे कागदावर लिहून घ्या. पेट्रोल इंजिनात जो सिलिंडर कमी दाखवेल त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर दोष रिंगांचा आहे, आला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा. ज्या गॅरेजमध्ये गेज नाही, तिथे इंजिन उघडायचं कामही देऊ नका. आणि गेज लावायच्या आधी ब्रीदरची नळी तुमच्या समोर काढून, वाकवून, आतून दाखवायला सांगा.